घरचा फोन आणि कॉलर आयडी (मराठवाडा)

तारेच्या घरगुती दूरध्वनीवर फोन येताच समोरचा नंबर पडद्यावर दाखवणारी सोय म्हणजे कॉलर आयडी. टेलिफोन एक्स्चेंजच्या भाषेत तिला ‘सीएलआय’ (कॉलिंग लाइन आयडेंटिफिकेशन) म्हणतात, आणि साध्या बोलण्यात असे यंत्र म्हणजे ‘नंबर दिसणारा फोन’. पडद्यावर दिसतो तो एक्स्चेंजने पाठवलेला नंबर. बोलणारा माणूस कोण, हे यंत्राला कळत नाही. फोन परत लावताना होणारे बहुतेक घोळ हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

गल्लीत एखाद्याच घरी फोन असे, त्या काळात लग्नपत्रिकेवर आणि अर्जावर शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ (म्हणजे शेजारून बोलावून घ्यायचा) असे लिहून दिला जाई. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हॅलो, कोण बोलायलंय?’ नंबर दिसू लागल्यावर हा प्रश्न काहीसा मागे पडला आणि मिस कॉलला अर्थ आला. पुण्याला शिकणाऱ्या मुलाने दोन घंट्या द्यायच्या आणि घरच्यांनी परत लावायचा, असे संकेत ठरले. मुलाने एसटीडी बूथवरून किंवा रुपयाच्या डब्यावरून फोन केला असेल तर मात्र परत लावल्यावर बूथवाला बोले, नाहीतर रांगेतला तिसराच कुणीतरी. दवाखाना, कॉलेज, कारखाना अशा ठिकाणी आजही तसेच होते. आतल्या कुठल्याही खोलीतून फोन झाला तरी बाहेर बहुधा मुख्य नंबरच दिसतो, म्हणून कोणत्या विभागातून फोन होता ते आधी विचारून ठेवलेले बरे.

तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब कायम असतो. त्याच तारेवरून नंबर पाठवण्याच्या दोन पद्धती भारतात वापरल्या गेल्या. एकीत बटणे दाबल्यावर ऐकू येतात तसे दुहेरी स्वर (डीटीएमएफ) पहिल्या घंटीच्या आधी येतात. दुसरीत (एफएसके) पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत नंबर येतो, बहुधा तारीख-वेळेसह. त्यामुळे पहिल्याच घंटीला झडप घालून रिसीव्हर उचलणाऱ्या घरात दुसऱ्या पद्धतीचा नंबर दिसत नाही. दुसरी घंटी होऊ द्यावी. डीटीएमएफमध्ये वेळ येत नाही, ती यंत्राच्या स्वतःच्या घड्याळावरून नोंदली जाते. यंत्रातले सेल संपले की पडदा कोरा होतो किंवा पहाटेचा फोन दुपारचा दिसतो. बोलणे चालूच राहते, म्हणून सेल बदलायचे कुणाला सुचत नाही.

परत फोन लावताना मुख्य अडचण शून्याची. छत्रपती संभाजीनगरचा कोड ०२४०, जालन्याचा ०२४८२, बीडचा ०२४४२, परभणीचा ०२४५२, हिंगोलीचा ०२४५६, नांदेडचा ०२४६२, लातूरचा ०२३८२ आणि धाराशिवचा ०२४७२. (दोन शहरांची नावे बदलली, कोड जुनेच राहिले.) शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा अंक होतात, म्हणून संभाजीनगरात सात अंकी नंबर, तर लातुरात सहा अंकी. यंत्राच्या यादीत बाहेरगावचा नंबर शून्याविना साठला असेल तर नुसते डायल बटण दाबून फोन लागत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावतानाही आधी शून्य लागतो. म्हणजे पडद्यावर दहा अंकी मोबाइल नंबर दिसला तरी तो हाताने, शून्य लावूनच फिरवायचा. ज्येष्ठांच्या घरी हा शून्य फोनशेजारच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेला उत्तम.

प्रत्येक फोन परत लावायचा नसतो. एकच घंटी देऊन तोडायचे आणि उलट येणाऱ्या महागड्या परदेशी कॉलमधून पैसे काढायचे, या फसवणुकीला जपानी भाषेतले ‘वांगिरी’ हे नाव आहे. घरच्या यंत्रावर बहुधा अधिकचे चिन्ह उमटत नाही, त्यामुळे परदेशी नंबर नुसता लांबलचक दिसतो. तिकडे कुणी आपले नसेल तर आयएसडी (परदेशी फोन लावण्याची सोय) बंद ठेवावे. दुसरा धोका याहून मोठा. पडद्यावर येणारा नंबर तंत्राने बनावट करता येतो, म्हणून बँकेचा किंवा पोलिस ठाण्याचा नंबर दिसला एवढ्यावर विश्वास ठेवू नये. फोन ठेवून पासबुकावरचा नंबर स्वतः फिरवावा. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने, तर बँका-विम्याच्या सेवा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवलेली आहे. पैसे गेलेच तर १९३० वर तातडीने कळवायचे असते.

आभाळातल्या विजेच्या बाबतीत मराठवाड्याला वळवाच्या पावसाची भीती अधिक. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येते आणि खांबावरून घरात आलेली उघडी तार विजेचा दाब थेट आत आणते. एक्स्चेंजमध्ये बचावाची साधने असतात, पण घराच्या टोकाला बहुधा काहीच नसते. गडगडाट सुरू झाला की तारेचा रिसीव्हर कानाला लावू नये. शक्य असेल तर तार आधीच भिंतीवरच्या खोक्यातून काढून ठेवावी, वादळ डोक्यावर आल्यावर तिला हात लावू नये. कॉर्डलेसचा हातातला भाग तारेला जोडलेला नसल्याने तो सुरक्षित, मात्र त्याचा तळ टेलिफोनच्या तारेला आणि घरच्या विजेला असा दोन्हीकडे जोडलेला असतो, म्हणून तोच आधी जळतो. घंटीच्या वेळी तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो. तार जोडताना नेमका फोन आला की बोटांना झटका बसतो, ओल्या हाताला जरा जोरात.

फायबर आल्यापासून विजेचा दाब आणणारी तांब्याची वाट राहिली नाही, पण एक जुनी सोय गेली. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीचा पुरवठा होई, त्यामुळे गाव अंधारात असले तरी साधा फोन वाजे. फायबरचे खोके घरच्या विजेवर चालते. इन्व्हर्टर नसेल तर लोडशेडिंगबरोबर फोनही जातो. त्या वेळेत आलेला फोन मग यंत्राच्या यादीतही सापडत नाही, कारण तो यंत्रापर्यंत पोचलेलाच नसतो.