एमजीबी इंजिनाची पुनर्बांधणी

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे चार सिलिंडरचे १,७९८ सीसी पेट्रोल इंजिन पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून किंवा मापात आणून पुन्हा बांधण्याचे आणि जमल्यास त्याची ताकद वाढवण्याचे काम. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. इंजिन मात्र ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या साध्या घरगुती गाड्यांतल्या ‘बी-सिरीज’ कुळातले. आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे १,४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच कुळातले. त्यामुळे ते बांधलेल्या मिस्त्रीला बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग), त्यावर बसणारे बिडाचे हेड आणि पुशरॉडने (ढकलणाऱ्या दांड्यांनी) उघडणारे व्हॉल्व्ह ओळखीचे वाटतात.

सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आधार देणारी तीन मेन बेअरिंग होती, १९६४च्या अखेरीस ती पाच झाली. इंजिन वेगात फिरवायचे असेल तर पाच बेअरिंगचेच घ्यावे, कारण तिथे क्रँक कमी लवतो.

खरे काम मोजमापाचे. बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, सर्वांत जास्त झिजतो तो पिस्टनच्या वरच्या रिंगच्या जागी. तिथे नख फिरवले की काठ लागतो. मूळ व्यास ८०.२६ मिमी. झीज पाहून वीस, चाळीस किंवा साठ साइजला (म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे तितके हजारांश मोठे) बोअर करतात. साठ साइजला क्षमता सुमारे १,८६८ सीसी होते. पिस्टन आधी आणावेत, ते प्रत्यक्ष मोजावेत आणि मगच ब्लॉक बोअर करायला पाठवावा. इथे घाई केली की इंजिन ऑइल खाते. क्रँक ग्राइंड केला तर बेअरिंगही त्याच साइजची लागतात. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करून घेण्याचा खर्च अजिबात वाया जात नाही.

ताकद मुख्यतः हेडमध्ये दडलेली असते. चार सिलिंडरना इनटेकचे (हवा आत घेण्याचे) पोर्ट, म्हणजे वाटा, दोनच आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडण्याचे) तीन, त्यामुळे शेजारचे सिलिंडर एकाच वाटेने हवा ओढतात. पोर्ट साफ करून मोठे इनटेक व्हॉल्व्ह बसवले की फरक चालवताना जाणवतो. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटचे (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेचे) रक्षण होत असे. भारतात फेब्रुवारी २००० पासून पेट्रोल शिसेविरहित झाले, म्हणून एक्झॉस्टला कठीण पोलादी सीट बसवणे आवश्यक.

नव्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) जुने टॅपेट कधीच लावू नयेत; पुशरॉड उचलणारा प्रत्येक टॅपेट कॅमशाफ्टवरच्या आपापल्या लोबशी (उंचवट्याशी) घासून बसलेला असतो. लोबना ऑइल मिळते ते फिरत्या क्रँकने उडवलेले. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर ते संथ न ठेवता वीसेक मिनिटे मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर धरावे. मग थंड झाल्यावर टॅपेटची फट ०.०१५ इंचावर पुन्हा लावावी.