जचकीची विद्या कुणाच्या हाती

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका बाळंतपणाला अजूनही जचकी म्हणतात. फारसीतला 'जच्चा' हैदराबादी बोलीतून आपल्याकडे आला आणि घराघरांत मुरला. शब्द परका असला तरी काम करणारी बाई गावातलीच होती, सुईण. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आज माता आणि बालकांची परिचर्या म्हणून जे शिकवलं जातं, त्याची आपल्या भागातली गोष्ट तिच्यापासून सुरू होते. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. इतिहासाच्या धड्यात सुईण 'अप्रशिक्षित दाई' म्हणून एका ओळीत येते आणि तिथंच संपते, हे मला कायम खटकत आलं.

अनेक गावांत सुईण दलित वस्तीतली असायची. कळा सुरू झाल्या की तिला रात्री-अपरात्री बोलावणं जायचं, आणि बाळंतीण मोकळी झाली की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी, एखादं लुगडं. पोटावर तळहात फिरवून डोकं कुठं आहे, पाठ कुठल्या बाजूला आहे हे ती सांगायची. बाळामागून येणारी वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही, हा तिचा नेम. बाळ बाहेर आल्यावर नाळ एक ते तीन मिनिटं बांधू नका, तेवढ्यात बाळाला जास्तीचं रक्त मिळतं, असं आज पुस्तक सांगतं. तिला कारण माहीत नव्हतं, पण हात बरोबर थांबायचा.

चुकायचं ते नाळ कापल्यानंतर. विळा, पात्याचा तुकडा, हाताला लागेल ते. वर राख नाहीतर शेण. मग चांगलं पिणारं बाळ आठवडाभरात दूध ओढेनासं व्हायचं, जबडा बसायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. पाचवी पुजलेली असायची, सटवाईनं कपाळावर लिहिलेलं असायचं, त्यामुळे दोष सटवाईकडे जायचा. नवजात बाळाचा धनुर्वात हा तिथला मोठा खुनी होता. पहिला चीक पिळून टाकणं, बाळाला लगेच आंघोळ घालणं, या दोन रीतींनीही किती बाळं गेली असतील.

इंग्रजी मुलखात बाळंतपणाचं शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहिलं. आपण निजामाच्या राज्यात होतो. स्त्रियांचे दवाखाने प्रामुख्यानं हैदराबाद शहरात. इकडे जालन्यासारख्या ठिकाणी मिशनऱ्यांचं काम, बाकी सगळा मुलूख सुईणीच्या भरवशावर. अर्थात इंग्रजी मुलखातही फार सुख नव्हतं. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात परिचारिका सुमारे ७,००० आणि प्रसाविका, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या बायका, सुमारे ५,००० असा आकडा आहे. दर हजार जिवंत जन्मांमागे वीसेक माता मरत होत्या.

१९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं. १९५१ मध्ये देशात साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. लातूरला १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू झालं. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर, सत्तरच्या दशकात आलं. एएनएमला येणाऱ्या मुलींमध्ये टाकलेल्या, विधवा झालेल्या, दलित आणि ख्रिस्ती घरांतल्या बऱ्याच होत्या. ज्या घरांत मुलीचं नोकरी करणंच कमीपणाचं मानलं जायचं, तिथून कुणी फारसं येत नव्हतं. सातवी-आठवी शिकलेली पोर दोन वर्षांनी पांढरी साडी नेसून उपकेंद्रावर हजर व्हायची आणि गावातल्या वयानं आईएवढ्या बायका तिला 'नर्सबाई' म्हणायच्या.

त्या पहिल्या पिढीला जचकी येत होती, हे मी ठामपणे सांगते. अभ्यासक्रमात प्रसाविकेच्या कामाला मोठी जागा होती आणि घरोघरी जाऊन बाळंतपण करणं हेच मुख्य काम होतं.

मग काम बदललं. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करायची शिफारस केली. मलेरिया, कुटुंब नियोजन, लसीकरण, नोंदवह्या, सगळं एकाच बाईकडे. १९७७ मध्ये अभ्यासक्रम दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आला आणि जी कात्री लागली त्यात प्रसाविकेचं शिक्षण सर्वांत जास्त कापलं गेलं. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तिथं एक बाई, आणि वरून विचारला जाणारा प्रश्न एकच, 'केसेस किती झाल्या?' केस म्हणजे जचकीची केस नव्हे, नसबंदीची. आणीबाणीत तर त्या आकड्यावर पगार अडायचे. लक्ष्याची ही पद्धत कागदोपत्री १९९६ मध्ये उठली. तोवर वीस वर्षं गेली होती, आणि वीस वर्षं न केलेलं काम हातातून निघून जातं. गावातल्या बायकांनाही ते कळत होतं. नर्सबाई दारात आली की त्या सासूला पुढं करायच्या, कारण ती काय मागायला आली आहे हे त्यांना ठाऊक असायचं. बाळाची नाळ पाहायला आलेल्या बाईवर असा संशय यावा, हे मला आजही सहन होत नाही.

त्याच सुमारास सरकारनं दुसऱ्या बाजूनं सुईणींना शिकवायला घेतलं. महिनाभराचं दाई प्रशिक्षण, शेवटी पत्र्याची पेटी: कात्री, वाडगा, साबण, दोरा. शिकवणीचं सार पाच स्वच्छतांत होतं: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळेचं टोक. टोकाला काहीही लावायचं नाही. गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या लशीला या पाच गोष्टींची जोड मिळाली आणि धनुर्वात हळूहळू हटला. २०१५ मध्ये भारत त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

खरी शिकवण मात्र आपल्या सीमेच्या जरा पलीकडे घडत होती. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. एकदाच मोठं शिबिर घेऊन मोकळं न होता, बायकांनी पुन्हा पुन्हा यायचं, गावात काय झालं ते सांगायचं आणि त्यातूनच पुढचं शिकायचं. विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईला बाळ वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. मोजदाद न येणाऱ्या बाईसाठी मण्यांचं साधन केलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्या बायकांना तयार केलं.

लसीकरणाचा सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ चा. मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी त्याच्याही आधीपासून होती. मुलांच्या परिचर्येत या दोन गोष्टींनी जेवढे जीव वाचवले तेवढे क्वचितच कशानं वाचवले असतील.

२००५ मध्ये आशा आली, जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं झपाट्यानं प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळली. ज्या सेविकांनी वर्षानुवर्षं जचकी केली नव्हती, त्यांच्या टेबलावर अचानक बायका येऊ लागल्या. एकवीस दिवसांचं कुशल प्रसूती प्रशिक्षण काढावं लागलं. दोन वर्षांत शिकायचं ते एकवीस दिवसांत परत मिळवायचं होतं.

२००९ च्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाची एक बॅच मी घेतली होती. पन्नाशीला आलेली एक सेविका रबरी बाळापुढं उभी होती. बाळ रडलं नाही असं धरायचं: पुसा, पाठ चोळा, मान सरळ करा, तरी श्वास नाही तर मिनिटाच्या आत अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. अंगठा आणि तर्जनीनं मास्क गोल धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी हनुवटी उचलायची. तिच्या मास्कमधून हवा बाजूनं सुटत होती, छाती हलत नव्हती. चारदा, पाचदा. सहाव्यांदा बोटं बसली आणि रबरी छाती वर आली. ती तशीच दाबत राहिली, मिनिटाला चाळीसच्या चालीवर, आणि डोळे भरून म्हणाली, 'मॅडम, माझ्या हातात दोन गेलेत. हे मला आधी कुणी दाखवलं नाही.'

मी स्वतः शिकत होते तेव्हा आमच्या रुग्णालयात जचक्या भरपूर होत्या, पण हाताला लागत नसत. एका टेबलाभोवती इंटर्न डॉक्टर आणि मागं आम्ही. ट्रॉली लावणं, एनिमा देणं, फरशी पुसून घेणं आमच्याकडे. केसबुकात सह्या मिळाल्या. मास्कवर हात बसला तो पुढं नोकरीत, एका जुन्या सिस्टरनं रात्रपाळीत शेजारी उभं राहून शिकवल्यावर. आता मराठवाड्यात नर्सिंग कॉलेजं तालुक्या-तालुक्यांत आहेत, पण सरकारी प्रसूतिगृहं काही त्या पटीत वाढलेली नाहीत. पाच कॉलेजांच्या मुली एका लेबर रूमच्या दारात रांगेत उभ्या दिसतात. अठरा महिन्यांच्या प्रसाविका प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ची आणि परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा २०२३ चा. दोन्ही मला मनापासून हवे होते. महाराष्ट्रात २०१८–२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. भोर समितीचा आकडा याच हिशेबानं दोन हजार होता. उरलेल्या तेहतीस वाचवायच्या तर मुलींच्या वाट्याला खरी बाळंतपणं यायला हवीत, नजरेसमोर आणि हाताखाली.

आणि एक गोष्ट कुठल्याच केंद्रीय अभ्यासक्रमात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालना भागातल्या कोयत्याच्या जोड्या, म्हणजे नवरा-बायको, ऊसतोडीला निघतात. त्यात पोटुशी बाई असते, तान्हं बाळ असतं. बाळाच्या जन्मानंतरच्या गृहभेटीचं वेळापत्रक तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस असं ठरलेलं. पण बाळ तोवर सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात, पाचटाच्या कोपीत असतं. म्हणून मी विद्यार्थिनींना सप्टेंबरच्या तपासणीत वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन झालं की आणखी तीन प्रश्न विचारायला लावते: कुठल्या कारखान्याला, कधी निघणार, मुकादमाचा फोन नंबर काय. उत्तर माता-बाल कार्डाच्या मागच्या पानावर, बॉलपेननं, ठळक अक्षरात.