कच्छहून आणलेलं कापड आणि तुमची बेडरूम

हिवाळ्यात कच्छचं रण पाहून आलेली मंडळी पिशव्या घेऊन आमच्याकडे येतात. अजरखचा, म्हणजे लाकडी ठशांनी हाताने छापलेला दुपट्टा, भुजोडी गावची शाल, आभल्यांचं म्हणजे बारीक आरशांचं तोरण, एखादी रोगन चित्राची चौकट. हे सगळं बेडरूममध्ये कसं बसवायचं, असं ते विचारतात. पडदे-चादरी शिवणारे म्हणून आम्ही जे सांगतो, ते इथे लिहून ठेवलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळं एकदम लावू नका. कच्छचा भुंगा, म्हणजे तिथलं गोल मातीचं घर, आठवून बघा. आत भिंतींवर पांढरं लिंपण आणि आभले, आणि रंगीत गोधड्यांच्या घड्या एकावर एक रचलेल्या. भिंत शांत असते म्हणून कापडाचा रंग बोलतो. तुमच्या खोलीतही भिंत चुन्यासारखी फिकट ठेवा आणि एकाच कापडाला मानाची जागा द्या. बाकीची कापडं कपाटात राहू द्यात, सणावाराला आलटूनपालटून काढा.

मानाची जागा म्हणजे पलंगाच्या डोक्याकडची भिंत. अजरखचा दुपट्टा साधारण अडीच मीटर लांब असतो, म्हणजे आठ फूट. सहा फुटी पलंगावर आडवा लावला की दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त येतो आणि तोच तोल चांगला दिसतो. कापडात खिळे ठोकू नका, भोकं मोठी होत जातात. मागून मलमलीचा नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घालावी. भार मलमलीवर येतो आणि कापड तसंच राहतं. भिंत बाहेरची असेल तर दांडी बोटभर पुढे ठेवा. आपल्याकडच्या पावसात अशा भिंतीला ओल येते आणि चिकटून असलेल्या कापडावर बुरशीचे ठिपके पडतात.

अजरखची जास्त काळजी का घ्यायची, हे ते कसं तयार होतं त्यावरून कळेल. आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग चुना आणि डिंकाच्या लगद्याने रेघा छापतात, म्हणजे तिथे रंग लागत नाही. गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून काळा करतात. त्यानंतर निळीची कुंडी, आणि अखेरीस तुरटी लावलेल्या जागी लाल उमटतो. मधे कितीतरी वेळा धुणं. पाणी कसं आहे यावर रंग ठरतो. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, म्हणून खत्री कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. असं कापड थेट उन्हात टांगलं तर काही महिन्यांत फिकं पडतं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून कोणी मागितला तर आम्ही अस्तर लावल्याशिवाय शिवत नाही.

धुताना वेगळं, थंड पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने, आणि उलटं करून सावलीत वाळवा. डाग पडला तरी लिंबू चोळू नका. आंबटाने तो लोखंडाचा काळा उडतो आणि परत आणता येत नाही.

चादर घेणार असाल तर मोजमाप घरूनच लिहून न्या. हातछापाच्या डबल चादरी बहुधा 90 बाय 108 इंच असतात. आपला मोठा पलंग 72 बाय 78 इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच उरतात. गादीची जाडी आठ इंच असेल तर खाली खोवायला एकच इंच राहतो आणि सकाळी चादर गोळा झालेली दिसते. अशा गादीला 108 बाय 108 घ्या, किंवा लहान चादर वरून पसरायला ठेवा. कच्छच्या काला कापसाचं, म्हणजे तिथल्या देशी वाणाच्या कापसाचं, जाडंभरडं कापड मिळालं तर जरूर आणा. आमच्या मते अंगाखाली त्याच्यासारखं सुख नाही, आणि धुतल्यावर ते आणखी मऊ होतं.

भुजोडीची लोकरी शाल पायथ्याशी घडी करून ठेवली की खोलीला ऊब येते. पण लोकरीला कसर लागते. दर महिन्याला झटकून थोडं ऊन दाखवा, आणि ठेवताना सुती कापडात गुंडाळा. आभल्यांचं भरतकाम उशीवर नको, गालाला टोचतं आणि टाके निघतात. ते उंचावर किंवा पाठीमागच्या लोडाला शोभतं. जुनं भरतकाम कापून उशांचे अभ्रे करून द्या, असं कोणी म्हटलं तर आम्ही ते काम घेत नाही. कोणाच्या तरी हाताने महिनोन्महिने भरलेलं ते कापड अखंडच टांगावं, असं आमचं ठाम मत आहे.

निरोणा गावचं रोगन हे उकळून घट्ट केलेल्या एरंडेल तेलात रंग मिसळून, सळईने कापडावर ओढलेलं काम. इस्त्री लावू नका, घडी घालू नका. चौकट करताना काच कापडाला टेकणार नाही एवढी फट ठेवायला सांगा.

अजून जायचं असेल तर खरेदीआधी अजरखपूरचं एलएलडीसी हे हस्तकला संग्रहालय पाहून घ्या. खरा ठसा कसा असतो, मशीनचं भरत कसं दिसतं, याची नजर तिथे बसते. हातछापात दोन ठशांच्या सांध्यावर रेघ किंचित सरकलेली असते, आणि रंग मागच्या बाजूलाही उतरलेला असतो.

आमच्याकडे येताना कापड न कापता, न धुता आणा. सोबत पलंगाची लांबी-रुंदी, गादीची जाडी आणि दिवसाउजेडी काढलेला त्या भिंतीचा फोटो. नेफा आणि अस्तर आम्ही शिवून देतो. पहिली धुलाईही करतो, फक्त पावसाळ्यात ती बंद असते, कारण सावलीत कापड नीट वाळत नाही. शिवणकाम वर्षभर चालू असतं.