बिनपिशवीच्या व्हॅक्युम क्लीनरची ओढ कधीच कमी होत नाही?

‘जुना व्हॅक्युम क्लीनर घेताना पिशवीवाला नको. पिशवी भरली की ओढ जाते. बिनपिशवीच्याची कधीच जात नाही.’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. त्यातलं पिशवीबद्दलचं वाक्य भरलेल्या पिशवीपुरतं बरोबर, बिनपिशवीच्याबद्दलचं नाही.

पिशवी हा नुसता कचऱ्याचा डबा नव्हे, ती गाळणीही आहे. हवा तिच्या छिद्रांतून बाहेर जाते, धूळ आत राहते. छिद्रं बुजली की ओढ मंदावते. बिनपिशवीच्या यंत्रात हवा गरगर फिरते आणि जड कचरा कडेला फेकला जाऊन डब्यात पडतो. पिठासारखी धूळ मात्र हवेबरोबर पुढे जाऊन फिल्टरवर बसते. आपल्या कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ नेमकी तशीच. बुजायचं ते बुजतंच, फक्त जागा बदलते.

घरीच पडताळा. डबा रिकामा करा, यंत्र चालू करून नळीच्या तोंडाशी तळहात धरा. मग यंत्र बंद करून प्लग काढा, फिल्टर अंगणात नेऊन झटका, परत बसवा आणि पुन्हा हात धरा. ओढ वाढली, तर अडचण फिल्टरचीच होती.

धुण्याजोगा फिल्टर पावसाळ्यात पडवीत दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओला बसवून चालत नाही. म्हणून जुन्या यंत्राच्या मापाच्या पिशव्या अजून मिळत असतील, तर इथे मी पिशवीवालाच घेईन. घरात दम्याचं माणूस असेल तर नक्कीच: पिशवी काढताना डबा झटकण्याइतकी धूळ उडत नाही.