नायट्रिक ऑक्साइड, प्लेटलेट्स आणि उच्च रक्तदाब : पार्श्वभूमी

छातीच्या कळेवर नायट्रोग्लिसरीन उपयोगी पडते हे विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये लिहिले. ते का, हे कळायला जवळपास शतक गेले. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवले की अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्याने ग्वानिलिल सायक्लेज हे विकर (एन्झाइम) चालू होते आणि सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढून रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो.

रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स या बारीक पेशींचा अभ्यास तोवर वेगळ्याच वाटेने चालला होता. १९६२ मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी प्रकाशावर आधारलेली पद्धत आणली. प्लेटलेट्सनी गढूळ झालेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) ३७ अंश सेल्सिअसला ढवळत ठेवून त्यात प्लेटलेट्सना चेतवणारे एडीपी हे रसायन घालायचे. गोळे झाले की प्लाझ्मा निवळतो आणि जास्त प्रकाश पार जातो.

रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीवर ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे निरोप्या रसायन घातले की कधी ती सैल पडे, कधी आकसे. वाहिनी कापताना-पुसताना आतला पेशींचा पातळ अस्तर खरवडला जात होता. तो शाबूत असेल तरच वाहिनी सैल पडते, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयातला सर्वांत मोठा अडथळा हाताळणीचाच होता, असे आमचे मत आहे. अस्तरातून सुटणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८७ मध्ये साल्व्हादोर मोंकादा आणि लुई इग्नारो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. हाच वायू प्लेटलेट्सचे गोळे होऊ देत नाही, हे इग्नारो यांच्या गटाने १९८१ मध्येच नोंदवले होते. तिथेही सीजीएमपी वाढते, पेशीतले कॅल्शियम उतरते आणि प्लेटलेट्सना एकमेकींशी जोडणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन पकडणारे ग्राही (पेशीवरच्या पकडीच्या जागा) उघडत नाहीत.

रक्तदाबाशी धागा १९९० मध्ये स्पष्ट जुळला. हुलिओ पान्झा आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या बाहूच्या धमनीत ॲसिटिलकोलीन सोडले, तेव्हा रक्तप्रवाह निरोगी माणसांइतका वाढला नाही. अस्तराशिवाय थेट नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या नायट्रोप्रुसाइड या औषधाने मात्र वाढला. स्नायू ऐकत होता, अस्तराकडून मिळणारा निरोपच अपुरा होता. सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकार वाढला की तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून त्याचे पेरॉक्सिनायट्राइट हे वेगळे संयुग बनवतो, हे त्यामागचे एक मोठे कारण. परिणामी वाहिनी आकसलेली राहते आणि तिच्या भिंतीलगतच्या प्लेटलेट्सवरचा लगामही सुटतो.

प्लेटलेट्स आणि नायट्रिक ऑक्साइड यांच्या मोजणीत अजूनही चुका होतात. रक्त गोठू नये म्हणून नऊ भाग रक्ताला ३.२ टक्के सोडियम सायट्रेटचा एक भाग घ्यावा. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण गारठ्याने प्लेटलेट्स आपोआप उत्तेजित होतात. चाचणी चार तासांत उरकावी. ॲस्पिरिनचा प्लेटलेट्सवरचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो, हेही ध्यानात घ्यावे. तांबड्या पेशी फुटलेला नमुना टाकूनच द्यावा, कारण सुटलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकते. हा वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून त्याऐवजी त्यापासून बनणारे नायट्राइट-नायट्रेट मोजतात. पण पालेभाज्यांनी तो आकडा फुगतो. नायट्रोप्रुसाइड घालूनही गोळे होणे थांबत नसेल, तर दोष नायट्रिक ऑक्साइडच्या पुरवठ्यात नव्हे, प्लेटलेटच्या आतल्या सीजीएमपीच्या साखळीत शोधावा.