प्रयोग वर्गापर्यंत पोहोचला का?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील ६० जिल्हा परिषद शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या ३० शाळांना वाचन शिकवण्याची नवी पद्धत दिली आणि उरलेल्या ३० शाळांत नेहमीचेच अध्यापन चालू ठेवले. वर्षअखेरच्या चाचणीत दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. यावरून पद्धत निरुपयोगी ठरते का? त्या ३० शाळांत ती ठरल्याबरहुकूम वापरली गेली की नाही हे कोणी पाहिलेच नसेल, तर असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. जे घडलेच नाही त्याचे मूल्यमापन करून बसण्याचा हा धोका चार्टर्स आणि जोन्स या अभ्यासकांनी १९७३ मध्येच दाखवून दिला होता.

मुलांचे इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट पाडून शिकवण्याची ‘प्रथम’ संस्थेची पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच ती वापरली आणि मुलांचे वाचन सुधारले. मात्र शाळेच्या वर्षात केवळ प्रशिक्षण आणि पुस्तके दिल्यावर फरक दिसला नाही. वर्गांना दिलेल्या भेटींत याचे कारण सापडले: पुस्तके वापरात होती, पण पद्धतीचा गाभा असलेले पातळीनुसार गट क्वचितच पाडलेले होते. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात दररोज यासाठी स्वतंत्र तास राखला, देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः या पद्धतीने शिकवून पाहिले, आणि हिंदी वाचनात प्रगती दिसली. भेटींच्या नोंदी नसत्या, तर बिहारचा दोष पद्धतीच्या माथी गेला असता.

डेन आणि श्नायडर यांनी १९९८ मध्ये, पद्धत ठरल्याप्रमाणे राबवली गेली का याच्या मोजणीचे पाच पैलू सांगितले: आराखड्याचे पालन, मिळालेली मात्रा, शिकवण्याचा दर्जा, मुलांचा प्रतिसाद आणि दोन गटांतला वेगळेपणा. आपल्याकडे मात्रेचा प्रश्न फार नाजूक आहे. शिक्षकाने ४० तास घेतले, अशी नोंद शाळेच्या दप्तरी असेल. पण दिवाळीनंतर कापूस वेचणीसाठी आईवडिलांसोबत शेतात जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातले कदाचित २० च आले असतील. म्हणून घेतलेले तास आणि प्रत्येक मुलाला मिळालेले तास वेगवेगळे नोंदवावे लागतात.

वेगळेपणाचा पैलू बहुधा दुर्लक्षित राहतो. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत दोन्ही गटांतले शिक्षक शेजारी बसतात, चांगली युक्ती ऐकली की आपल्या वर्गात करून पाहतात, आणि त्यांनी तसे करावे हेच योग्य आहे. त्यामुळे तुलनेच्या शाळांतही तीच निरीक्षणे घ्यावी लागतात, आणि शक्यतो चिठ्ठी शाळांची न टाकता संपूर्ण केंद्रांची टाकणे बरे.

मोजणी केवळ शिक्षकांच्या प्रश्नावलीवर सोपवू नये. स्वतःच्या कामाची नोंद माणूस थोडी उजवी करतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. प्रशिक्षित निरीक्षकांनी पूर्वसूचना न देता भेटी द्याव्यात आणि काही तासांना दोघांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते जुळतात का हे तपासावे. गाभा कोणता आणि बदलण्यास मोकळीक कुठे, हे प्रयोगाआधीच लिहून ठेवावे लागते. मेळघाटातील शिक्षकाने गोष्ट कोरकूतून समजावून दिली, तर माझ्या मते तो आराखड्याचा भंग नव्हे. गट पाडणेच वगळले, तर मात्र तो भंग आहे.

हे आकडे हाती आल्यावर मोठा मोह होतो तो पद्धत नेटाने राबवणाऱ्या शाळा तेवढ्या निवडून त्यांचीच तुलना करण्याचा. परंतु ज्या शिक्षिकेने सगळे तास मन लावून घेतले, तिच्या वर्गातली मुले नव्या पद्धतीविनाही कदाचित पुढे गेली असती. नेट चिठ्ठीने वाटलेला नसतो. म्हणून मुख्य हिशोबात प्रत्येक शाळा चिठ्ठीने जिथे आली त्याच गटात धरली जाते, मग तिथे एकही तास झाला नसला तरी, आणि अंमलबजावणीचे आकडे त्या निकालाचा अर्थ लावण्यासाठी शेजारी मांडले जातात.