ठिबकच्या टोकाचं झाड

पोळ्याच्या दिवशी आबाजी झूल हातात घेऊन गोठ्यात उभे होते. बैल समोर, बाशिंगं खाटेवर, घुंगरांच्या माळा खुंटीला. पन्नास-साठ वर्षं दरसाल केलेलं काम. पण आधी काय घालायचं आणि मग काय, हेच त्यांना उमगेना. बैलाचं नाव आठवत होतं, तो कोणत्या बाजारातून कितीला आणला तेही आठवत होतं. नातवंडांची नावं तर धडाधड सांगत. कामाची रीत तेवढी हातातून सुटली होती. दादानं झूल त्यांच्या हातून घेतली. "बुढापा आला बापा आता," एवढंच म्हणाला, आणि विषय संपला.

साठी बुद्धी नाठी. या म्हणीनं जितक्या म्हाताऱ्यांना दवाखान्यापासून दूर ठेवलं असेल, तितकं एसटीच्या भाड्यानंही ठेवलं नसेल. वय वाढलं की नाव चटकन न आठवणं वेगळं. रोजचं काम अडायला लागलं तर तो आजार, आणि त्याला डिमेन्शिया म्हणतात. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना तो असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं. खेड्यातली मोकळी हवा, कष्टाचं शरीर, म्हणून डोकं शाबूत, हा आपला समज या आकड्यापुढे टिकत नाही.

पुढे वर्षभरानं आबाजींची चाल बदलली. पाय जमिनीला चिकटल्यासारखी बारीक पावलं टाकू लागले. लघवीला लागली की थांबवत नसे. स्वभाव मात्र निवला, इतका की घरच्यांना ते बरंच वाटलं. आधी पाणी पाळीवरून भांडणारा माणूस आता पारावर नुसता बसून राही. अमरावतीला एमआरआय काढला, तेव्हा काळ्या-करड्या चित्रात मेंदूच्या आत खोलवर पांढरे ठिपके आणि पट्टे दिसले. रिपोर्टात शब्द होते 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस'. बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्त कमी पोचल्यानं झालेले बदल. यातून येणाऱ्या डिमेन्शियाला व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया म्हणतात.

हे समजून घ्यायला आमच्याकडे पुस्तक लागत नाही. गाव मोर्शीच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात. विहिरीवर मोटर धडधडते, मेन लाइनला भरपूर पाणी असतं, तरी ओळीच्या शेवटच्या झाडाची पानं पिवळी पडतात. पाण्यातले क्षार ड्रिपरमध्ये साचतात आणि नळीच्या टोकापर्यंत प्रेशर पोचत नाही. प्रेशर फार वाढवलं तर मधलाच एखादा जोड उडतो. मेंदूत हे दोन्ही होतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्के. त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या एकापुढे एक मांडल्या तर अंदाजे ६०० किलोमीटर भरतील. नागपूरहून समृद्धी महामार्गानं निघालं तर शिर्डी मागे टाकावी लागेल. त्यातल्या बहुतेक केसाहून बारीक. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीकडून कमी पडलं तर दुसरीकडून थोडंफार येतं. खोलवर घुसणाऱ्या बारीक धमन्यांना ती सोय नाही. त्या ठिबकच्या शेवटच्या काडीसारख्या, ज्याचं पाणी त्यालाच. आणि नेमक्या याच धमन्या मेंदूच्या पांढऱ्या भागाला पोसतात. पांढरा भाग म्हणजे मेंदूतलं वायरिंग. आठवणी जिथे ठेवलेल्या असतात ती खोली शाबूत, पण खोल्यांना जोडणारी वायर झिजलेली. आबाजींना बैलाचं नाव आठवत होतं आणि झुलीनंतर काय हे कळत नव्हतं, त्याचा अर्थ असा लागतो. अल्झायमर या डिमेन्शियाच्या दुसऱ्या प्रकारात बहुधा उलट घडतं, तिथे आधी ताज्या आठवणी पुसल्या जातात. इथे आधी वेग जातो, कामाचा क्रम लावणं जातं, उमेद जाते.

वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं की या धमन्यांच्या भिंतीतला लवचिक स्नायू मरतो, त्याच्या जागी चिवट तंतू भरतात. भिंत जाड होते, पोकळी अरुंद. एरवी मेंदू गरजेप्रमाणे नळी सैल-घट्ट करत असतो, ते या ताठर नळीला जमत नाही. शिवाय हृदयातून निघणारी मोठी महाधमनीही वयानं कडक होते. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याचा धक्का पोटात घेते, म्हातारपणी तो धक्का थेट मेंदूतल्या बारीक नळ्यांवर आदळतो. काही नळ्या बंद पडतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा भाग मरतो. काही झिरपतात. रोगी म्हणतो, मला तर कधी लकवा मारला नाही. खरं आहे. प्रत्येक घाव इतका लहान की बहुतेकांची चाहूलही लागत नाही. वाढलेली साखर या भिंतींचं तसंच नुकसान करते. आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात ठेवला की निकोटिन बीपी आणि ठोके दोन्ही वाढवतं. आपल्याकडे दिवसाला किती पुड्या होतात हे कोणी मोजत नाही, डॉक्टरही क्वचितच विचारतात.

एक जुना वाद सांगायलाच हवा. १८९० च्या दशकात मेंदूविकारांचे डॉक्टर ओटो बिन्सवांगर आणि खुद्द आलोइस अल्झायमर, दोघांनीही रक्तवाहिन्यांच्या आजारानं झिजलेल्या मेंदूचं वर्णन केलं होतं. पुढे कित्येक दशकं म्हातारपणीचं सगळं विसरणं धमन्या कडक झाल्यामुळेच, असं मानलं गेलं. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि जो तो अल्झायमरचं नाव घेऊ लागला. अमेरिकेतल्या वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) एका अभ्यासानं १९९७ मध्ये दोन्ही बाजूंना जागेवर आणलं. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये अल्झायमरच्या खुणा सारख्याच होत्या, पण ज्यांच्या मेंदूत खोलवर एखाद-दुसरा बारीक बंद पडलेला भाग होता, त्यांच्यात हयातीत डिमेन्शिया झालेल्या कितीतरी जास्त निघाल्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. अल्झायमर रोखायचा खात्रीचा उपाय आज हातात नाही. बीपीची गोळी आहे, आणि ती उपकेंद्रात फुकट मिळते.

गोळीनं खरंच फरक पडतो का, हे अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त लोकांवर पाहिलं गेलं. एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं, दुसऱ्याचं १४० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल आला. कडक गटात डिमेन्शियाच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य विस्मरण, १९ टक्क्यांनी कमी. खुद्द डिमेन्शियाही कमी दिसला, पण ठामपणे म्हणावं इतका नाही. एमआरआयमधले पांढरे पट्टे दोन्ही गटांत वाढले, कडक गटात कमी वाढले. ही कसर २०२५ मध्ये चीनच्या खेड्यांतून भरून निघाली. ३२६ गावं, जवळपास ३४ हजार माणसं. निम्म्या गावांत मोठे डॉक्टर न पाठवता, गावातल्याच साध्या प्रशिक्षित वैद्यांनी ठरलेल्या पद्धतीनं गोळ्या सुरू केल्या आणि पाठपुरावा केला. चार वर्षांत त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी झाला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय मोहिमेत महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे घेतले, त्यात वर्धा आणि भंडारा होते. गडचिरोलीच्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली गेली, तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघातानं झालेला आढळला, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. मोठा झटका आणि बारीक नळ्यांची झीज, दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच बीपी. मोठ्या झटक्यात माणूस पडतो म्हणून तो दिसतो, एवढाच फरक.

अडचण अशी, की वाढलेलं बीपी दुखत नाही. "मले काई होत नाई, मी कायले गोळी घेऊ?" हा प्रश्न आबाजींनी वीस वर्षं विचारला. एकदा सुरू केली की सवय लागते, ही दुसरी भीती. आणि थोडं बरं वाटलं की पुडकं देव्हाऱ्याच्या मागे, ही तिसरी रीत. मेलेला भाग सहसा परत येत नाही, त्यामुळे त्या वीस वर्षांचा हिशेब आता लागणार नाही. तरीही पुढची झीज हळू करता येते. ऐंशीच्या माणसाचं बीपी एकदम खाली ओढलं तर उठताना चक्कर येऊन खुबा मोडायचा, म्हणून ते बेतानं. सोबत बी-१२, थायरॉइड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं आणि उदासी यांची तपासणी करून घ्यावी, कारण विसरण्याचं सोंग यांपैकी कोणीही घेऊ शकतं, आणि यांच्यावर इलाज आहे.

पण खरी वेळ त्याच्या फार आधीची. मेंदूच्या नळ्यांना सगळ्यात महागात पडतं ते चाळिशी-पन्नाशीतलं बीपी.

मागच्या महिन्यात आशाताई आबाजींचं बीपी पाहायला आल्या. त्यांचं गोळीवर बरं निघालं. दादा खर्रा गालात धरून दारात उभा होता, वय ४७. "दादा, तुमचंबी पाहून घेऊ," ताई म्हणाल्या. मशीनवर आकडा आला, १६४ आणि १००.

"मशीन बिघडली असन ताई."

ताईंनी पट्टा सोडला आणि दुसऱ्या हाताला गुंडाळायला घेतला.